डेन्मार्कची इंगेबोर्ग : एका रात्रीचा संसार, वीस वर्षांचा दावा

ताम्रपट (धागाकर्ता)

परदेशी राजाला दिलेल्या राजकन्यांचा विषय निघाला की चर्चा वरात, हुंडा आणि 'बिचारी'वर आटोपते. इंगेबोर्गच्या बाबतीत तसं व्हायचं कारण नाही. पोपची पत्रं, बिशपांची पत्रं, तिची स्वतःची पत्रं आणि इतिवृत्तं एवढी शिल्लक आहेत की हे लग्न कुठे अडलं आणि कशाच्या जोरावर टिकलं, ते जवळजवळ तारीखवार मांडता येतं.

आधी माणसं. इंगेबोर्ग ही डेन्मार्कचा राजा पहिला वाल्डेमार आणि राणी सोफिया यांची मुलगी, लग्नाच्या वेळी साधारण अठरा वर्षांची. वडील ११८२ मध्येच गेलेले, गादीवर भाऊ सहावा क्नूड. नवरा फ्रान्सचा दुसरा फिलिप, तोच तो 'ऑगस्ट' म्हणून ओळखला जाणारा, वय २७. त्याची पहिली बायको एनोची इसाबेल मार्च ११९० मध्ये बाळंतपणात गेली. मागे एकुलता एक मुलगा लुई, आणि तोही ११९१ च्या आजारातून जेमतेम वाचलेला. म्हणजे दुसरं लग्न टळणारं नव्हतंच.

पण डेन्मार्कच का? इंग्लंडचा रिचर्ड डिसेंबर ११९२ पासून जर्मन मुलखात कैदेत होता आणि फिलिपला तेवढ्यात इंग्लंडवर उतरायचं होतं. नोयाँचा बिशप एतिएन मागणी घेऊन डेन्मार्कला गेला. फिलिपला हव्या होत्या दोन गोष्टी: जुन्या क्नूट राजापासून चालत आलेला इंग्लंडच्या गादीवरचा डॅनिश हक्क, आणि एक वर्षापुरतं आरमार व फौज. डॅनिश सरदारांनी साफ नकार दिला. बाल्टिक किनाऱ्यावरच्या वेंड लोकांशी त्यांची लढाई चालू होती, त्यात इंग्लंडचं वैर कोण ओढवून घेणार? मग सौदा रोकड्यावर आला: १०,००० मार्क चांदी.

१४ ऑगस्ट ११९३, शनिवारी आमियाँ गावात लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण, त्या मुहूर्तावर तिला राणी म्हणून अभिषेक. विधी चालू असतानाच राजा पांढराफटक पडला, थरथरायला लागला, असं पोप इनोसंटच्या समकालीन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. विधी संपताच त्याने तिला डॅनिश वऱ्हाडाच्या हवाली करायचा प्रयत्न केला. वऱ्हाड तिला न घेताच निघून गेलं. तिची रवानगी पॅरिसजवळच्या सँ-मोर मठात झाली.

नोव्हेंबरमध्ये कॉम्पिएन्यला बिशपांची आणि सरदारांची सभा भरली. अध्यक्ष रांसचा आर्चबिशप गियोम, म्हणजे राजाचा सख्खा मामा. शपथ घेणारे बहुतेक राजाचे नातलग नाहीतर दरबारी. निकाल: इंगेबोर्ग पहिल्या राणीच्या नात्यातली, सबब लग्न मुळातच अवैध. तिला फ्रेंच येत नव्हतं. दुभाष्याने निकाल सांगितला तेव्हा ती मोडक्या लॅटिनमध्ये म्हणाली: "माला फ्रान्सिया! रोमा, रोमा!" दुष्ट फ्रान्स, रोम, रोम. यातल्या 'रोम'ला रडगाणं समजू नका. ते अपील आहे. प्रतिवादीने रोमकडे दाद मागितली की खालच्या सभेचा निकाल अंतिम राहत नाही.

पुढच्या वीस वर्षांत फिलिपने तीन वेगवेगळी कारणं पुढे केली. आधी नातं, मग जादूटोणा, मग 'शरीरसंबंध झालाच नाही'. तिने मात्र पहिल्या दिवसापासून एकच जबानी दिली: लग्न झालं, पूर्ण झालं, मी राणी आहे. माझ्या मते सगळा दावा यावरच फिरला. जाणकारांनी भर घालावी.


पैठणकर

धागा उत्तम. दोन शंका. दहा हजार मार्क म्हणजे नेमके किती? आणि स्वतःच्या राजाची बहीण तशीच टाकून वऱ्हाड परत गेलं, हे पटत नाही.


ताम्रपट

@पैठणकर, मार्क हे इथे नाणं नाही, वजन आहे. कोलोनचा मार्क साधारण २३४ ग्रॅमचा, फ्रान्समधला त्र्वाचा मार्क २४५ च्या आसपास. कुठलाही धरा, चांदी दोन टनांच्या वरच जाते. अंदाजासाठी: रिचर्डच्या सुटकेचा आकडा १,५०,००० मार्क ठरला होता. म्हणजे एका राजाच्या खंडणीचा पंधरावा हिस्सा.

वऱ्हाडाचं म्हणाल तर तिला परत नेणं हीच घोडचूक ठरली असती. माहेरच्यांनी मुलगी ताब्यात घेतली की 'दोन्ही बाजूंनी मिळून लग्न मोडलं' असं म्हणायला राजा मोकळा. तिला तिथेच ठेवल्याने राणीपदावरचा तिचा ताबा कायम राहिला. डॅनिश दरबार निष्ठुर असेल-नसेल, पण ही चाल कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होती.


वंशवेल

नात्याचा हिशोब जरा सविस्तर मांडतो, कारण बहुतेक ठिकाणी 'खोटी वंशावळ' एवढंच लिहून पुढे जातात.

१२१५ पर्यंत चर्चचा नियम सात पिढ्यांचा होता. मोजायची रीत: समान पूर्वज सोडायचा आणि त्याच्यापासून खाली प्रत्येक पिढीला एक अंक द्यायचा. सख्खी भावंडं पहिल्या अंशात, चुलत-मावस भावंडं दुसऱ्या अंशात. दोन बाजू असमान असल्या तर लांबची बाजू धरायची. शिवाय लग्नाने जडलेलं नातंही मोजायचं. पहिल्या बायकोचे रक्ताचे नातलग सात अंशांपर्यंत नवऱ्याला वर्ज्य.

आता कॉम्पिएन्यचा दावा. डॅनिश घराणं आणि फ्लँडर्सचं घराणं यांना जोडणारा दुवा एकच. डेन्मार्कचा चौथा क्नूड (जो पुढे संत ठरला) याने फ्लँडर्सच्या रोबेर फ्रिझियनची मुलगी अडेल केली. त्यांचा मुलगा शार्ल, फ्लँडर्सचा काउंट, ११२७ मध्ये ब्रुजच्या चर्चमध्ये मारला गेला. अडेलची बहीण गेरट्रूड, तिचा मुलगा थिएरी, त्याची मुलगी मार्गारेट, आणि तिची मुलगी इसाबेल, म्हणजे फिलिपची पहिली राणी. इथवर ठीक. पण इंगेबोर्ग या शार्लच्या वंशातली नाहीच. शार्ल निपुत्रिक मेला. ती येते संत क्नूडच्या भावापासून: एरिक एयगोड, त्याचा मुलगा क्नूड लावार्ड, त्याचा वाल्डेमार, त्याची इंगेबोर्ग. म्हणजे इसाबेलच्या पणजीची बहीण इंगेबोर्गच्या खापरपणजोबांच्या सुनांपैकी एक, एवढंच. यात दोघींचं रक्त कुठे जुळतं? आणि एका लग्नामुळे नवऱ्याचे नातलग आणि बायकोचे नातलग आपसात नातलग ठरत नाहीत. खटला इथेच निकाली निघायला हवा होता.

डॅनिश बाजूने नेमकं हेच केलं. एबेलहोल्टचा मठाधिपती विल्यम हा मूळचा पॅरिसच्या सँत-जेनव्हिएव्हचा फ्रेंच माणूस. तो आणि चॅन्सलर अँडर्स सुनेसन खरी वंशावळ घेऊन रोमला गेले आणि मे ११९५ मध्ये पोप सेलेस्टिन तिसरा याने कॉम्पिएन्यचा निकाल रद्द केला.

आता यातली खरी गंमत. फिलिप आणि इंगेबोर्ग खरोखरच एकमेकांच्या नात्यात होते, पण दुसऱ्याच बाजूने! समान पूर्वज कीव्हचा यारोस्लाव. त्याची मुलगी ॲन फ्रान्सच्या पहिल्या आंरीला दिलेली. ॲन (१), पहिला फिलिप (२), सहावा लुई (३), सातवा लुई (४), दुसरा फिलिप (५). दुसरीकडे व्सेवोलोद (१), व्लादिमिर मोनोमाख (२), म्स्तिस्लाव (३), त्याची मुलगी इंगेबोर्ग, म्हणजे हिची आजी (४), वाल्डेमार (५), आपली इंगेबोर्ग (६). लांबची बाजू धरली तरी सहावा अंश, म्हणजे साताच्या आत. राजाच्या वकिलांनी फ्लँडर्सऐवजी कीव्हकडे पाहिलं असतं तर रोमची पंचाईत झाली असती.


मिताक्षरी

वंशवेल, झकास! मोजणीतला फरक नोंदवून ठेवते, नाहीतर आपल्याकडच्या सवयीने आकडे चुकतात. सापिंड्य मोजताना आपण स्वतःला पहिला धरतो, वडील दुसरे, आजोबा तिसरे. बापाकडून सात, आईकडून पाच, हा याज्ञवल्क्याचा नियम, आणि विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांकडे बसून त्यावर टीका लिहिली ती इंगेबोर्गच्या आधी शंभरेक वर्षं. चर्चच्या मोजणीत मूळ पूर्वज धरत नाहीत, फक्त त्याच्या खालच्या पिढ्या मोजतात. शिवाय आई-बाप भेद नाही, दोन्हीकडून सातच. त्यामुळे चर्चचा सातवा अंश आपल्या सातव्या पिढीपेक्षा एक घर पुढे जातो.

त्या जाळ्यात युरोपातली झाडून सगळी राजघराणी एकमेकांना वर्ज्य ठरत होती. म्हणूनच नकोशी बायको काढायला 'नातं निघालं' हे कारण सोयीचं होतं.


वंशवेल

अगदी. फिलिपच्या बापाने तेच केलं होतं. सातव्या लुईने एलिआनोरला ११५२ मध्ये नात्याच्याच कारणावरून सोडलं. पण तिथे दोघांनाही सुटका हवी होती, रोमला कुणी हाक मारली नाही. इथे बायको अडून बसली.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेने (रोममधली चर्चची महासभा) सात अंशांचे चार केले (कलम ५०), आणि नात्याच्या खटल्यात ऐकीव साक्षीला लगाम घातला (कलम ५२). कॉम्पिएन्यसारख्या शपथा त्यानंतर टिकणं अवघड झालं.


रानजाई

मग ११९५ मध्ये निकाल रद्द झाला तर पुढची अठरा वर्षं काय चाललं होतं? पोपचा हुकूम चालत नव्हता का?


घंटाघर

@रानजाई, हुकूम निघणं वेगळं, बजावला जाणं वेगळं. रोमकडे शिपाई नाहीत, आहेत ते बिशप, आणि बिशपांची जमीन-महसूल राजाच्या मुलखात. ११९६ मध्ये पोपचे दोन दूत पॅरिसला सभा घ्यायला आले आणि काही न करता परत गेले. सँ-देनीचा इतिवृत्तकार रिगोर हा राजाच्याच बाजूचा माणूस, पण त्यानेही त्या सभेतल्यांना भुंकायला न धजणारी मुकी कुत्री म्हटलंय.

फिलिप त्याच सुमारास नवी बायको शोधत होता, आणि बाजारात त्याची पत उरली नव्हती. ऱ्हाइन पॅलेटाइनच्या काउंटची मुलगी ऐनवेळी दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. जिनेव्हाची मार्गारेट फ्रान्सकडे निघाली होती, तिला सव्हॉयच्या तोमासने वाटेतच पळवून स्वतः लग्न केलं. शेवटी जून ११९६ मध्ये मेरानियाची ॲग्नेस मिळाली.

जानेवारी ११९८ मध्ये इनोसंट तिसरा पोप झाला आणि त्याने ठेवणीतलं हत्यार काढलं: इंटरडिक्ट. हे नीट समजून घ्या. राजाला एकट्याला वाळीत टाकणं ही वेगळी शिक्षा. इंटरडिक्टमध्ये सगळ्या मुलखाचे धर्मविधी बंद. डिसेंबर ११९९ मध्ये दिजाँच्या सभेत दूत पीटर ऑफ कापुआने ठरवलं आणि १३ जानेवारी १२०० पासून लागू झालं. चर्चची दारं बंद, घंटा बंद, मिस्सा नाही, लग्नं नाहीत, पवित्र भूमीत दफन नाही. सूट फक्त नवजात बाळाच्या बाप्तिस्म्याला आणि मरणाऱ्याच्या पापकबुलीला.

लागू सगळीकडे सारखं झालं नाही. काही बिशपांनी 'हुकूम नीट पोचला नाही' म्हणत कानाडोळा केला. पाळणाऱ्यांची मालमत्ता राजाने जप्त केली, पॅरिसचा बिशप ओद द स्युली त्यातलाच. पण रेटा खालून आला. मढी पुरता येत नाहीत म्हटल्यावर गावोगावची माणसं कुणाला दोष देणार?

एक नमुना बघा. राजाचा मुलगा लुई आणि कास्तीलची ब्लांश यांचं लग्न २३ मे १२०० ला झालं ते नॉर्मंडीत पोर-मोर गावी, इंग्लंडच्या राजाच्या हद्दीत. कारण फ्रान्सच्या राजपुत्राला फ्रान्समध्ये लग्न लावायला चर्च उघडं नव्हतं.

सप्टेंबर १२०० मध्ये सँ-लेजेला फिलिपने इंगेबोर्गला दूतांसमोर राणी म्हणून मान दिला, ॲग्नेसला दूर ठेवायचं कबूल केलं, सहा महिन्यांत फेरसुनावणी ठरली आणि बंदी उठली. जेमतेम आठ महिने टिकली.


दुर्गवाट

फेरसुनावणीचं काय झालं तेही सांगून टाकतो. मार्च १२०१, स्वासाँ. राजा वकिलांचा ताफा घेऊन हजर. डॅनिश वकिलांनी दूत ओक्ताव्हियन राजाचा नातलग आहे म्हणून अविश्वास दाखवला, रोमला अपील करतो म्हणाले आणि उठून गेले. इंगेबोर्ग एकटी. तेव्हा गर्दीतून एक अनोळखी, साधा धर्मगुरू पुढे आला आणि त्याने तिची बाजू मांडली असं इंग्रज इतिवृत्तकार हाउडनच्या रॉजरने लिहिलंय. दोनेक आठवडे काथ्याकूट झाला. निकाल विरुद्ध जाणार असं दिसताच फिलिप एका सकाळी तिला स्वतःच्या घोड्यावर मागे बसवून निघून गेला. निरोप पाठवला: बायकोला घरी नेतोय, आता सभेचं काम संपलं. दावाच उरला नाही तर निकाल कसला? सभा बरखास्त.

आणि 'घरी' म्हणजे एताँपचा बुरूज. आज तूर गिनेत म्हणतात तोच. चार अर्धगोल एकमेकांना जोडल्यासारखा चौपाकळी आराखडा असलेला बाराव्या शतकातला बालेकिल्ला, अजून अर्धामुर्धा उभा आहे. तिथे ती १२१३ पर्यंत.

१२०३ मध्ये तिने पोपला लिहिलेल्या पत्रातली तक्रार अगदी बाबवार आहे. भेटायला कुणाला सोडत नाहीत. मिस्सा क्वचित, पापकबुलीला हवा तो धर्मगुरू नाही. जेवण कधी पुरतं, कधी नाही. औषध नाही. स्नानाची सोय नाही. रक्त काढू देत नाहीत (त्या काळी ते नेहमीचं औषध). कपडे मोजके आणि राणीला न शोभणारे. बाईने जे मागितलं ते सगळं राणीच्या इतमामात आणि ख्रिस्ती माणसाच्या हक्कात बसणारं. पोपला प्रत्येक बाबीवर राजाला जाब विचारता यावा, असंच पत्र आहे ते.

याआधी ती सीझ्वाँच्या मठात होती तेव्हा तुर्नेचा बिशप एतिएन याने आर्चबिशपला लिहिलं होतं की ही रोज थोडे कपडे आणि भांडी विकून पोट भरते. दोन टन चांदी आणलेली बाई.


पैठणकर

एक विचारू? इतकं सोसण्यापेक्षा जोगीण व्हायचं होतं. मठ, मान, चांगली नेमणूक मिळालीच असती. हा निव्वळ हट्ट वाटतो.


मिताक्षरी

@पैठणकर, फिलिपलाही तेच हवं होतं! लग्न बनतं संमतीने, पण ते न तुटणारं होतं शरीरसंबंधाने. संबंध आलेला नसेल तर एका जोडीदाराने संन्यासव्रत घेताच दुसरा मोकळा होतो. म्हणून तिच्यावर सतत दोन गोष्टींसाठी दबाव: 'संबंध झाला नाही' असं कबूल कर आणि मठात जा. यातली एक जरी केली असती तरी दुसरीने काम तमाम. तिने दोन्ही नाकारल्या.

जादूटोण्याचं कारणही कायद्यात बसणारं होतं, थट्टा नाही. करणीमुळे पुरुष एका विशिष्ट स्त्रीपुरता असमर्थ होतो आणि दुसरीशी संसार करू शकतो, हे चर्चला मान्य होतं. त्यामुळे ॲग्नेसपासून मुलं झाली हा त्याला उलट पुरावा ठरत नव्हता. पण अट अशी की तीन वर्षं एकत्र राहून प्रयत्न केलेला असला पाहिजे. फिलिपच्या खात्यात एक रात्र. इनोसंट त्याला सांगत राहिला की बायकोला नीट वागव, प्रार्थना कर, दानधर्म कर, आणि खरोखर प्रयत्न कर. मग बघू.

आणि माहेरी परत जाऊन मिळणार काय होतं? भाऊ क्नूड १२०२ मध्ये वारला, दुसरा भाऊ दुसरा वाल्डेमार बाल्टिकच्या स्वाऱ्यांत. तिथे ती परत पाठवलेली बहीण. इथे अभिषिक्त राणी, आणि स्त्रीधन म्हणून लग्नातच लावून दिलेला ओर्लेआँचा महसूल. तो मिळायचा विधवा झाल्यावर, पण मिळायचा फक्त बायको राहिली तरच.


रानजाई

ॲग्नेसचं वाईट वाटतं खरं तर. तिला तर बिशपांनीच सांगितलं असणार की पहिलं लग्न रद्द झालंय.


घंटाघर

ती जुलै १२०१ मध्ये पॉयसीला वारली. दोन मुलं मागे: मारी आणि फिलिप. नोव्हेंबरमध्ये इनोसंटने दोघांनाही औरस ठरवलं. आधार तुम्ही म्हणता तोच: बापाने चर्चच्या निकालावर विसंबून लग्न केलं होतं. अर्थात राजकारणही होतं. जर्मनीच्या गादीच्या भांडणात पोपला फिलिपची गरज पडत होती. इंगेबोर्गचं प्रकरण वीस वर्षं लांबलं त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे. रोम तिच्या बाजूने होतं, पण रोमला तेवढं एकच काम नव्हतं.

याचं शेपूट मोंपेलिएला निघालं. तिथल्या आठव्या गियोमनेही एका परक्या राजकन्येला टाकलं होतं: बायझंटाइन घराण्यातली एवदोकिया कोम्नेने. ती मुळात आरागॉनच्या राजासाठी निघाली होती, पोचेपर्यंत त्याचं लग्न होऊन गेलेलं, मग हिला गियोमच्या पदरात घातली. त्याने दुसरीपासून झालेल्या मुलांसाठी पोपकडे अर्ज केला: फ्रान्सच्या राजाला दिलंत तसं मलाही द्या. १२०२ मध्ये इनोसंटने नाही म्हटलं. कारणं दिली ती अशी: राजाच्या लग्नाचा निकाल चर्चनेच दिला होता, आणि ऐहिक बाबतीत राजाच्या वर कुणी नाही, तुझ्या वर आहे. हे वाक्य पुढे फ्रेंच राजांच्या वकिलांनी शंभर वर्षं पोपविरुद्धच वापरलं.


ताम्रपट

१२१३ राहिलं. आधी १२१० मध्ये फिलिपने जर्मनीतल्या थुरिंगियाच्या लँडग्राफची (तिथल्या सत्ताधीश सरदाराची) मुलगी करायचं ठरवून पाहिलं, अट हीच की रोमकडून फारकत मिळावी. मिळाली नाही. एप्रिल १२१३ मध्ये इंग्लंडवर स्वारीची तयारी चालू असताना त्याने अचानक इंगेबोर्गला सन्मानाने परत घेतलं. जॉन राजाला पोपने वाळीत टाकलेलं, आणि पोपच्या वतीने लढायला निघालेल्या माणसाच्या घरात वाळीत टाकलेल्याला शोभेल असं प्रकरण परवडणार नव्हतं. शिवाय डॅनिश वैर कमी झालेलं बरं.

नियतीचा खेळ बघा, महिन्याभरात जॉनने पोपसमोर लोटांगण घातलं आणि स्वारीला रोमनेच मनाई केली. मे अखेरीस फ्रेंच गलबतं दामच्या खाडीत जळाली. इंगेबोर्ग मात्र परत कोठडीत गेली नाही. पुन्हा एकत्र संसार झाला असं मात्र समजू नये. मानाचं स्थान मिळालं, इतकंच.


पानगळ

हस्तलिखितांत रस असलेल्यांसाठी: तिचं स्तोत्रपुस्तक शाँतियीच्या म्युझे काँदेमध्ये आहे. इंगेबोर्ग साल्टर या नावाने शोधा, पण फ्रेंच कागदांत तिचं नाव इजाँबूर असंही येतं. साधारण १२०० च्या आसपासचं, उत्तर फ्रान्समधलं काम. सोन्याच्या पार्श्वभूमीवरची पूर्ण पानाची चित्रं आहेतच, पण या धाग्यासाठी महत्त्वाचं आहे ते सुरुवातीचं कॅलेंडर. त्यात तिच्या आईवडिलांच्या, वाल्डेमार आणि सोफियाच्या, मृत्यूतिथी लिहिलेल्या आहेत. म्हणून तर पुस्तक तिचं म्हणता येतं. आणि २७ जुलैच्या घरात बुव्हीनच्या लढाईची नोंद, फ्रेंचमध्ये. १२१४ चा तो विजय फिलिपच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. आईबापांची श्राद्धं आणि नवऱ्याची लढाई एकाच कॅलेंडरात.


वंशवेल

पानगळ, सुरेख माहिती. अवांतर, पण तारखा पडताळणाऱ्यांनी लक्षात ठेवा: फ्रेंच दरबारचं वर्ष तेव्हा ईस्टरला बदलायचं. १२०० चा ईस्टर ९ एप्रिलला, १२०१ चा २५ मार्चला. त्यामुळे इंटरडिक्ट मूळ कागदात ११९९ मध्ये लागलेलं दिसतं आणि स्वासाँची सभा १२०० मध्ये. चांगल्या लेखांतही सभेचं साल एकाने मागे छापलेलं सापडतं ते यामुळे.


पैठणकर

शेवटचं विचारतो. ती दोन टन चांदी परत मिळाली का? फिलिपने मृत्युपत्रात तिला १०,००० ठेवले असं वाचलंय, आकडा तर तोच आहे.


ताम्रपट

आकडा तोच, एकक वेगळं. सप्टेंबर १२२२ च्या मृत्युपत्रात १०,००० लिव्र पारिसी आहेत. लिव्र म्हणजे २० सू, आणि तेव्हा चांदीच्या एका मार्काला ४० सू धरत. म्हणजे हे झाले ५,००० मार्क, हुंड्याच्या निम्मे, तेही एकोणतीस वर्षांनी आणि बिनव्याजी. त्या कागदात तिचा उल्लेख 'अतिप्रिय पत्नी' असा आहे, हे वाचून हसावं की काय ते ज्याचं त्याने ठरवावं.

फिलिप १४ जुलै १२२३ ला गेला. सावत्र मुलगा आठवा लुई आणि नंतर नववा लुई, दोघांच्याही कारकिर्दीत तिला विधवा राणीचा पूर्ण मान होता आणि ओर्लेआँचं स्त्रीधन चालू राहिलं. त्या पैशातून तिने कोर्बेयच्या बेटावर हॉस्पिटलर या लढवय्या धर्मपंथासाठी सँ-जाँचा मठ बांधला. नवऱ्यामागे ती तेरा वर्षं जगली आणि पुरली गेली ती त्याच मठात. सँ-देनीला राजांच्या रांगेत नाही.